प्रश्न बेतता आला पाहिजे

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. प्रकल्प आधारित अध्ययनाचं प्रशिक्षण झालं, पण शाळेत प्रकल्प म्हणजे अजूनही थर्माकोलचा ज्वालामुखी आणि दुकानातून आणलेले तक्ते. निम्मे तर पालकांनीच केलेले असतात. खरोखरचा प्रकल्प घ्यायचा तर आजच्या शिक्षकाला कोणती कौशल्यं लागतात? संगणक, कोडिंग, कृत्रिम बुद्धिमत्ता हे आधी शिकू का? आणि अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा?

उत्तर:

सर, संगणक नंतर. आधी एक दोरी, एक वही आणि गावातली एक विहीर घ्या. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण तुम्ही जिथे अडला आहात तिथे मी स्वतः सहा-सात वर्षं अडले होते.

मी २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीचशी माणदेशात. नंतर सुलभक म्हणून इतर शाळांतल्या शिक्षकांबरोबर प्रकल्पांवर काम केलं. सुरुवातीला माझ्या वर्गातले प्रकल्पही तुम्ही लिहिलेत तसेच असायचे. एका विज्ञान प्रदर्शनात माझ्या वर्गातल्या मुलाच्या ठिबक सिंचनाच्या प्रतिकृतीला बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी मी त्याला सहज विचारलं, "या नळीला भोकं किती अंतरावर पाडलीस, आणि तेवढ्याच अंतरावर का?" तो गप्प राहिला. भोकं त्याच्या मामाने पाडली होती. त्याच्या चेहऱ्यावरची शरम मला आजही आठवते, आणि चूक त्याची नव्हती. मी त्याला प्रश्न दिलाच नव्हता, विषयाचं नाव तेवढं दिलं होतं.

म्हणून पहिलं कौशल्य कोणतं असं विचाराल तर मी म्हणेन, प्रश्न बेतणं. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी अंगाचं माप घेतो, कापड किती आहे ते पाहतो आणि मग बेततो. 'पाण्याचे महत्त्व' हे निबंधाचं शीर्षक झालं. 'पाणी वाचवा' ही घोषणा झाली. 'भूजल' हे धड्याचं नाव. आता हा प्रश्न पाहा: 'आपल्या गावातल्या विहिरींचं पाणी दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत किती खाली जातं, आणि सगळ्या विहिरींचं सारखंच जातं का?' याचं उत्तर पुस्तकात नाही, मोबाइलवरही नाही. बारा वर्षांच्या मुलाला ते मोजून काढता येतं. पाच महिन्यांत ते हाती येतं. आणि गावात कुणाला तरी ते हवं असतं, कारण रब्बीला ज्वारी पेरावी की जास्त पाणी लागणारा गहू, हे विहीर बघूनच ठरतं. या चारांतली एक जरी गोष्ट नसली तरी प्रकल्प मध्येच बसकण मारतो आणि प्रदर्शनाची तारीख जवळ आली की घरच्यांचे हात लागतात. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. मुलाला एकट्याने पेलवणार नाही असं काम आपण घरी पाठवलेलं असतं.

हाच विहिरींचा प्रकल्प पुढे उदाहरणाला घेते, कारण त्यातली प्रत्येक ठेच मला ठाऊक आहे.

सातवीची ३१ मुलं होती. सहा विहिरी, सहा गट. दर दुसऱ्या शनिवारी सकाळच्या शाळेत माप घ्यायचं. साधन अगदी साधं: सुताची दोरी, तिला दर अर्ध्या मीटरला एक गाठ, आणि टोकाला पालथं बांधलेलं स्टीलचं फुलपात्र. पालथं भांडं पाण्याला टेकलं की 'डब' असा आवाज येतो. वरून पाणी नीट दिसत नसलं तरी आवाजावरून कळतं. तिथे दोरी चिमटीत धरायची, वर ओढायची, गाठी मोजायच्या, उरलेलं पट्टीने मोजायचं.

दुसऱ्याच मापाला एका गटाची विहीर पाऊण मीटरने वर आली. मधल्या पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. मुलं हरखली, कुणी म्हणालं झरा फुटला. मी काहीच बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाच्या लक्षात आलं की पहिलं माप कठड्याच्या वरून घेतलं होतं आणि दुसरं जमिनीपासून. कठडा पाऊण मीटर उंच. मग कठड्याची उंची वजा करायची ठरलं, आणि प्रत्येक विहिरीवर खडूने खूण केली की दोरी नेहमी इथूनच सोडायची. दुसऱ्या गटाची विहीर एकदम दीड मीटर खाली गेली होती. त्यांनी आधी सात वाजता मोजलं होतं, नंतर साडेनऊला, आणि तोवर मोटर दोन तास चालून बंद झाली होती. माप मोटर सुरू होण्याआधी घ्यायचं हा नियम त्यातून आला. पण तोही पुरला नाही. शेतीची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटेपर्यंत उपसा चालतो, मग सकाळी सातचं मापही खरं नसतं. शेवटी मुलांनी वहीत एक जास्तीचा रकाना आखला: 'मोटर शेवटची कधी बंद झाली?' तो रकाना मी सुचवलेला नव्हता. माझ्या मते त्या वर्षी त्या वर्गाने शिकलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच होती. आकडा एकटा काही सांगत नाही, तो कसा घेतला हे बरोबर लिहावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही, कळलं.

यातल्या पहिल्या दोन चुका होणार हे मला माहीत होतं, कारण दिवाळीच्या सुट्टीत तीन रविवार मी स्वतः त्या विहिरींवर दोरी घेऊन गेले होते आणि दोन्ही चुका माझ्याही झाल्या होत्या. दुसरं कौशल्य म्हणते ते हेच. जो प्रकल्प मुलांना द्यायचा तो आधी आपण लहान प्रमाणात करून पाहायचा. प्रशिक्षणात हे कुणी सांगत नाही, आणि वेळापत्रकात त्याला जागा नसते, पण माझ्या पाहण्यात जे प्रकल्प फसले त्यातले बरेचसे इथेच फसले. स्वतः केलं की कुठे मुलं अडतील, कुठे दोन तास वाया जातील, कुठे धोका आहे, हे सगळं आधी दिसतं.

तिसरी चूक मात्र मलाही माहीत नव्हती. सुताची दोरी ओली झाली की आखडते. दोन-अडीच महिन्यांनी एका मुलीने दोरी पट्टीला लावून पाहिली तर अर्ध्या मीटरच्या गाठी अर्ध्या मीटरवर राहिल्याच नव्हत्या. मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की हे मला ठाऊक नव्हतं, आणि आता जुन्या मापांचं काय करायचं ते आपण मिळून ठरवू. मुलांनी जुनी मापं खोडली नाहीत, त्यांच्यापुढे 'सुताची दोरी' असं लिहिलं, आणि गवंड्याकडची फायबरची टेप मागून आणली. 'मला माहीत नाही' हे वर्गासमोर शांतपणे म्हणता येणं हे फार अवघड आहे, सर. आपली सगळी प्रतिष्ठा उत्तर माहीत असण्यावर उभी असते. पण ज्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकाला आधीच माहीत आहे तो प्रकल्पाचा प्रश्न होत नाही, त्यामुळे ही वेळ येणारच.

चूक दिसली की किती वेळ गप्प राहायचं, हे शिक्षक मला नेहमी विचारतात. माझा नियम असा: जीवाला धोका असेल तर एक क्षणही नाही. पुढची सगळी मापं वाया जाणार असतील तर पुढच्या मापाच्या आदल्या दिवसापर्यंत, मग एक प्रश्न विचारून तिकडे न्यायचं. बाकीच्या चुका त्यांच्या त्यांना सापडू द्यायच्या.

धोक्याचं बोललेच तर ते पूर्ण सांगते. कठडा नसलेली विहीर आम्ही घेतलीच नाही, ती कितीही सोयीची असली तरी. प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस, कधी शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, कधी विहिरीचे मालक. दोरी सोडणारा एकच, बाकीचे कठड्यापासून दोन पावलं मागे. पालकांची लेखी संमती आणि मालकाची परवानगी आधी. परवानगीचं पत्र मुलांनीच लिहिलं, मराठीच्या तासाला, आणि पत्रलेखनाचा तो पाठ त्या वर्षी वेगळा घ्यावा लागला नाही.

आता अभ्यासक्रम. तुमची काळजी खरी आहे आणि ती झटकून टाकणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. प्रकल्प हा अभ्यासक्रमाच्या शेजारी उभा केला तर तो ओझंच होणार. तो अभ्यासक्रमातून जायला हवा. मी जूनमध्येच सातवीची पुस्तकं समोर घेऊन बसले आणि विहिरीच्या कामात काय काय लागेल ते कागदावर मांडलं. दशांश अपूर्णांकांची वजाबाकी, कारण ८.३५ मधून ७.६० जातात. सरासरी. जोडस्तंभालेख, कारण नोव्हेंबरची आणि मार्चची पातळी शेजारी शेजारी दाखवायची होती. भाषेत मुलाखत, पत्र, अहवाल. भूगोलात खडक, आणि तो तर आमच्या प्रश्नाचा गाभाच होता. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर आहे. हा खडक स्वतः पाणी फारसं धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून एकमेकींपासून दोनशे फुटांवरच्या दोन विहिरींपैकी एक मार्चमध्ये तळ गाठते आणि दुसरीत पाडव्यालाही परसभर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं, पाणी असतं. मुलांना हे वर्षानुवर्षं डोळ्यांना दिसत होतं. 'का?' हे मात्र मापं हातात आल्यावर त्यांनीच विचारलं, आणि तेव्हा मी खडू घेऊन पूर्ण तास खडकावर शिकवलं. त्या तासाला मी बोलत होते आणि ती ऐकत होती, अगदी जुन्या पद्धतीने.

हे मुद्दाम सांगते, कारण प्रशिक्षणांतून असा समज पसरला आहे की प्रकल्पात शिक्षकाने शिकवायचंच नाही, मुलांना मोकळं सोडायचं. तसं केलं की हुशार मुलं पुढे जातात आणि बाकीची चित्रं रंगवत बसतात. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन अभ्यासकांनी २००६ साली याच मुद्द्यावर एक लेख लिहिला होता आणि तो बराच गाजला. विषयात नवख्या असलेल्या मुलाला फारसं मार्गदर्शन न देता शोध घ्यायला लावलं तर त्याच्या कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे एका वेळी मनात जेवढं धरून ठेवता येतं त्यावर, इतका भार पडतो की शिकणं मागे राहतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याशी सगळ्या बाबतीत सहमत नाही, पण हा इशारा मला वर्गात खरा ठरलेला दिसला. कधी थांबून सरळ शिकवायचं आणि कधी बाजूला व्हायचं, हा अंदाज म्हणजेच प्रकल्प घेणाऱ्या शिक्षकाची खरी कमाई. सरासरी शिकवायची वेळ म्हणजे मुलं सहा विहिरींचे आकडे घेऊन 'मग गावाची पातळी किती?' असं भांडायला लागतात ती. त्याच्या आधी नाही, आणि त्यानंतर आठवडाभरानेही नाही.

वेळेचा हिशोब म्हणाल तर महिन्यात दोन शनिवार सकाळ, आणि आठवड्याला एक तास. बाकी सगळं नेहमीच्या तासांत बसलं.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. प्रकल्प पद्धत हे नाव अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांच्या १९१८ च्या लेखामुळे रूढ झालं, पण आपल्या घरातलं याहून जवळचं आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम उभी राहिली. सूत कातताना गणित, कापसातून भूगोल. त्याला तिथे 'समवाय' म्हणत. समवाय साधणं हे विलक्षण कठीण कौशल्य आहे. ते शिक्षकाच्या हातात नसेल तर सूत तेवढं कातलं जातं आणि गणित राहून जातं. आजचे आपले थर्माकोलचे प्रकल्प म्हणजे मला तीच गोष्ट पुन्हा घडलेली दिसते.

१९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. मुलं गटात प्रयोग करायची, स्वतः निष्कर्ष लिहायची, आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवायची मुभा होती. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे शिक्षकांच्या मासिक बैठका. महिनाभर वर्गात काय बिनसलं ते शिक्षक एकमेकांसमोर मांडत. आणि आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं गावातली खरी कामं करतात: वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया. गावाला लागणारी वस्तू बनवायची, तिचा खर्च काढायचा. वेल्डिंग कच्चं राहिलं तर गेट डुगडुगतं आणि ज्याचं गेट आहे तो येऊन सांगतो. शिक्षकाच्या लाल शाईपेक्षा ते मुलाला लवकर पटतं. तुम्हाला जमलं तर पाबळला एक दिवस जाऊन या.

आता गटकामाविषयी, आणि इथे मला जरा कळवळून सांगायचं आहे. पहिल्या वर्षी मी गट पाडले आणि कामं त्यांची त्यांना वाटून घ्यायला सांगितली. दोन महिन्यांनी लक्षात आलं की सहाच्या सहा गटांत दोरी मुलग्यांच्या हातात होती आणि वही मुलींच्या. अक्षर चांगलं म्हणून मुली लिहीत होत्या, शीर्षकाला नक्षी काढत होत्या. मोजण्याचा, चुकण्याचा, पुन्हा मोजण्याचा सगळा भाग मुलग्यांच्या वाट्याला गेला होता. मुलींना कुणी अडवलं नव्हतं, मी फक्त पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मी कामं फिरती ठेवते: दोरी धरणारा, आवाज ऐकून 'थांब' म्हणणारा, वाचणारा, लिहिणारा, आणि दुसऱ्यांदा मोजून तपासणारा. दर मापाला एक घर पुढे. दोरी आखडल्याचं जिच्या लक्षात आलं ती मुलगी तोवर फक्त लिहीत होती, आणि दोरी तिच्या हातात आल्याच्या पहिल्याच दिवशी तिने ते पकडलं.

गप्प मुलांसाठी आणखी एक छोटी गोष्ट. गटाने तोंडी बोलण्याआधी प्रत्येकाने दोन ओळी स्वतःच्या वहीत लिहायच्या, मगच चर्चा. बोलकं मूल सगळा गट खाऊन टाकतं, ते याने बरंच कमी होतं.

काम एकदा झालं की झालं, ही सवय मुलांना आपणच लावलेली असते. पहिला जोडस्तंभालेख सहाही गटांचा चुकीचा होता. कुणी खोली खाली दाखवायच्या ऐवजी वर दाखवली होती, त्यामुळे पाणी जितकं खोल तितका स्तंभ उंच, आणि पाहणाऱ्याला वाटावं की मार्चमध्ये पाणी वाढलं. मी लाल शाई लावली नाही. एका गटाचा आलेख दुसऱ्या गटाकडे दिला आणि सांगितलं, यावरून कोणत्या विहिरीला पाणी जास्त ते ओळखा. त्यांनी चुकीचं ओळखलं. आलेख काढणाऱ्यांना तिथेच कळलं. आलेख तीनदा काढले गेले. दुसऱ्याच्या कामावर काय बोलायचं हेही शिकवावं लागतं. 'छान आहे' आणि 'बरोबर नाही' हे दोन्ही चालणार नाही, 'मला हे इथे कळलं नाही' असं बोट ठेवून सांगायचं.

मूल्यमापनाचं म्हणाल तर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० साली आलं तेव्हापासून आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत 'प्रकल्प' आहेच. जागा आहे, आपण ती वापरत नाही. वर्णनात्मक नोंदी छापील यादीतून उतरवल्या जातात: 'प्रकल्पात आवडीने सहभागी होतो.' या नोंदीतून त्या मुलाचं काहीच कळत नाही. त्याऐवजी मी अशा नोंदी ठेवायला लागले: 'चार मापांपैकी दोनदा वेळ लिहिली नाही, तिसऱ्यांदा स्वतःहून लिहिली.' 'सरासरी काढते, पण कोरडी विहीर सरासरीत घ्यायची का, यावर अडली. चांगला प्रश्न.' एका शनिवारी एकाच गटाकडे नीट पाहायचं आणि त्यातल्या पाच-सहा मुलांच्या अशा नोंदी करायच्या. सहा मापांत वर्ग पूर्ण होतो. निकष मुलांना आधीच माहीत असावेत. आमचे तीनच होते: माप पुन्हा घेतलं तर तेच येतं का, आलेख परक्याला कळतो का, आणि निष्कर्षाला आपलाच आकडा आधाराला आहे का. सजावटीला एकही गुण नव्हता. पालकांचा हात त्यामुळे आपोआप थांबला.

एक चूक अजून सांगायची राहिली, ती माझी सर्वांत मोठी. पाडव्यानंतर आम्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आलेख लावले, विहिरीच्या मालकांच्या नावांसकट. एका आलेखावरून स्पष्ट दिसत होतं की एका विहिरीवर उपसा फार आहे आणि शेजारची विहीर त्याच काळात लवकर आटली. संध्याकाळपर्यंत दोन घरांत जोराचं भांडण झालं, आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीला तिच्या काकांचे बोल ऐकावे लागले. मी दोन्ही घरी गेले, माफी मागितली, आलेख उतरवले. मोठ्यांच्या व्यवहारात मुलं ओढली जाणार, हे मला आधी सुचायला हवं होतं. पुढच्या वर्षीपासून विहिरींना क्रमांक दिले, निष्कर्ष आधी मालकांना एकेकटे दाखवले, आणि त्यांनी हो म्हटल्यावरच सर्वांपुढे ठेवले. शिवाय शेजारच्या विहिरीमुळेच पाणी आटलं, असं आमच्या मापांवरून ठामपणे म्हणता येत नव्हतंच. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हा धडा मला मुलांच्या आधी शिकावा लागला. गावाशी बोलणं, परवानगी, कुणाचं काय उघड करायचं याचं भान, हे सगळं शिक्षकाच्या कौशल्यांच्या यादीत वरच्या जागी हवं.

आता तुमचा संगणक. त्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. आकडे साठले की ते एक्सेलमध्ये भरायला आणि त्यावर आलेख काढायला शिका, एका दुपारचं काम आहे. पण पहिला आलेख मुलांनी हातानेच काढावा. खोली वर की खाली, ही चूक यंत्राने झाकून टाकली असती. मोबाइलचा कॅमेरा फार कामाचा: प्रत्येक मापाच्या वेळी टेपचा फोटो, त्यामुळे शंका आली की पुन्हा पाहता येतं. नकाशावर सहा विहिरींची ठिकाणं टिपली की ओढा कुठून जातो आणि कोणती विहीर त्याच्या काठाला आहे, हे मुलांना एका नजरेत दिसतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेची भीती बाळगू नका, पण तिच्या भरवशावरही राहू नका. मी ज्या शाळांबरोबर काम करते त्यातल्या एका गटाने चॅटजीपीटीकडून निष्कर्ष लिहून आणला. भाषा सफाईदार, एक चूक नाही. मी रागावले नाही. प्रत्येक वाक्याखाली रेघ मारून विचारलं, याला आपल्या वहीतला कोणता आकडा आधार देतो? आठ वाक्यांतली तीनच टिकली. उरलेली कुठल्याही गावाला लागू पडतील अशी होती. मुलांनी ती पाच वाक्यं स्वतः काढली आणि 'रात्रीच्या विजेच्या आठवड्यात माप दोन वेळा चुकलं' हे वाक्य स्वतःचं घातलं. तुमचा प्रश्न नीट बेतलेला असेल तर उत्तर यंत्राकडे असतच नाही, कारण तुमच्या विहिरीवर ते गेलेलं नाही. शिक्षकाने मात्र ते जरूर वापरावं: निकषांचा मसुदा, मुलाखतीचे प्रश्न, सरावाची उदाहरणं काढायला. फक्त प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय फळ्यावर लिहू नका. मराठीत ते आकडे आणि एककं बऱ्याचदा घोळात टाकतं. कोडिंग सवडीने शिका.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास म्हटले आहेत. ते तास एकट्याने पडद्यासमोर घालवण्यापेक्षा आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत चार शिक्षकांनी मिळून एकच प्रकल्प घ्यायचं ठरवा आणि दर महिन्याला आपापल्या मुलांच्या वह्या घेऊन बसा. फोटो आणि अहवाल नकोत, वह्याच हव्यात. दुसऱ्याच्या वर्गातल्या वहीत आपली चूक लवकर दिसते. केंद्रप्रमुखांना आधी सांगून ठेवा, बहुतेक जण खूश होतात.

गावात कठड्याची विहीर नसेल, किंवा शहरातली शाळा असेल, तर शाळेचं छप्पर घ्या. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, त्यामुळे १०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटरच्या एका सरीत १,००० लिटर पडतं. त्यातलं खरोखर टाकीत किती येतं, हे मोजायला लावा. किंवा पोषण आहारात रोज ताटात किती उरतं आणि कोणत्या दिवशी जास्त उरतं ते वजन करून पाहा. हा प्रश्न मुलांना फार लवकर भिडतो, आणि त्याचं उत्तर स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही हवं असतं.

आठवीला हाच विहिरीचा प्रकल्प पुढे नेता येतो. विहिरीचा व्यास ६ मीटर असेल आणि पातळी अर्धा मीटर उतरली, तर साधारण १४ घनमीटर, म्हणजे १४,००० लिटर पाणी गेलं. ते कुठल्या पिकाला गेलं, आणि मोटर बंद केल्यावर पातळी किती तासांत परत भरून येते? माझ्या एका विद्यार्थिनीने याच प्रश्नावर राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी काम केलं. तिथे १० ते १७ वर्षांची मुलं दोघादोघांच्या गटाने आपला अभ्यास मांडतात. तुमच्या मुलांनाही पाठवा, पण दुसऱ्या वर्षी. पहिलं वर्ष घाईचं नको.

या वर्षी एकच वर्ग घ्या, आणि विहिरी सहा नकोत, दोन. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुमच्या मापांत हे चार महिने आले तर पुढे तालुक्याच्या आकड्यांशी तुलना करता येईल. ऑक्टोबरचं तेवढं चुकवू नका. पाऊस संपल्यावर विहीर किती भरली ते तेव्हाच कळतं, आणि पाडव्यापर्यंत किती उतरली हे सांगायला तोच आकडा लागतो.